शलमोनआप्पांचा साबण आणि पेटीचा भाता

शिरूरच्या मिशन कंपाउंडात शलमोनआप्पा रणपिसे यांच्या घरी जायचं म्हणजे माणूस दाराबाहेर थांबून आधी स्वतःची कॉलर तपासायचा. आप्पा कुणाला काही बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. पण बघता बघता त्यांचे हात असे काही वळवळायचे, की हा गृहस्थ आता आपल्याला सदऱ्यासकट दगडावर आपटणार असं वाटावं.

त्यांचं आयुष्य साबणात गेलेलं. लहानपणी मिशनच्या शाळेत सुतारकाम, चांभारकाम आणि साबण यांतलं एक काहीतरी निवडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी साबण निवडला. पटाशीनं बोट कापतं, आरीनं टोचतं. साबणानं कुणाचं काही बिघडत नाही, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत चाळीस वर्षं टिकली आणि १९५९ सालच्या मार्च महिन्यात, एका सोमवारी दुपारी, दोन तासांत मोडली.

मी तेव्हा शिरूरला हायस्कुलात विज्ञान शिकवायला नवीनच लागलो होतो आणि कंपाउंडाच्या कडेच्या एका खोलीत राहत होतो. आप्पा माझे शेजारी. परसात तीन दगडांवर त्यांची कढई चढलेली असायची. तेल आणि कॉस्टिक घोटून ते विटेएवढ्या पिवळट वड्या पाडायचे. त्या साबणाला वास नव्हता, फेस बेताचा होता, पण मळाची मात्र त्याच्यापुढं काही चालत नसे. "आप्पाच्या साबणानं धुतलेला सदरा परत मळायला भेतो," असं गावात म्हणत. उरलेल्या वेळात आप्पा चर्चची देखभाल करायचे: झाडलोट, घंटा, बाकं पुसणं. जगाबद्दल त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं. "मास्तर, दुनियेत दोनच चिजा. एक, धुतलेली. दुसरी, धुवायची ऱ्हायलेली."

त्यांच्या पत्नी दबोराबाई मिशनच्या मुलींच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. सव्वीस वर्षं त्या चर्चमध्ये पायपेटी वाजवत होत्या. ही पायपेटी कुणा अमेरिकन मडमेनं फार पूर्वी आणलेली. खाली दोन पायटे, ते दाबले की आतला कातडी भाता फुगायचा, आणि वर सूर निघायचे. दबोराबाई एरवी अगदी बेताच्या, पण पेटीवर बसल्या की एकदम उंच वाटायच्या.

त्या वर्षी चर्चला नवे पाळकसाहेब आले. माणूस तरुण आणि भला. त्यांचं म्हणणं, आपली माणसं, आपली भजनं. तर हातपेटी, तबला, झांजा का नकोत? ही पायपेटी दमेकरी झाली आहे, एका कडव्यात तीनदा धापा टाकते. म्हणणं चुकीचंही नव्हतं. शेवटी मंडळीच्या पंचांनी तोडगा काढला: पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पेटी ऐकायची. बरी वाजली तर राहील. नाहीतर सामानाच्या खोलीत.

"आणि दबोराबाई?" मी विचारलं.

"ती बी तिच्यासंगं सामानाच्या खोलीत जाईल," आप्पा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. बाईंना हातपेटी जमत नसे. एका हातानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं वारा घालायचा, हे त्यांना एका हातानं जेवत दुसऱ्यानं भाकरी थापण्यासारखं वाटे. पेटी गेली असती तर त्यांची जागाही गेली असती. मग त्या रविवारी तिसऱ्या बाकावर हातावर हात ठेवून बसल्या असत्या, आणि सव्वीस वर्षांत त्यांना हात रिकामे ठेवायची सवय नव्हती.

तर त्या सोमवारी बाई कवठे येमाईला लेकीकडे, राहेलकडे गेल्या होत्या. आप्पांनी ठरवलं, बायको परत यायच्या आत पेटी नव्यासारखी करून ठेवायची. वरचं लाकूड पुसलं, पट्ट्या पुसल्या, मग मागची फळी काढली. आत भाता दिसला. शेळीच्या कातड्याचा, तपकिरी, मऊ, हात लावला तर बोटाला तेलकट लागणारा.

पन्नास वर्षांचा मळ! आप्पांना भरूनच आलं असावं. त्यांनी बारीक खिळे उपटले, कातडं सोडवलं, कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि स्वतःच्या साबणाची अख्खी वडी संपेपर्यंत ते कातडं धुतलं. पाणी तपकिरी निघालं, तसतसे ते खूश होत गेले. मग ते दोरीवर घातलं. मार्चचं ऊन, शिरूरचं.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा दोरीवरचं कातडं वाऱ्यानं खडखड वाजत होतं. चुलीवर भाजलेल्या पापडासारखं ते वाकडंतिकडं झालं होतं. बाईंनी ते हातात घेतलं. घडी घालून बघितली तर घडीवर बारीक रेघ उमटली आणि रेघेतून पलीकडचं आभाळ दिसलं.

त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या बोलल्याच नाहीत. शिक्षिकेचा पिंड; त्यांनी जुनी पाटी काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवली. मंगळवारी सकाळी मी गेलो तर पाटीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'चहा झाकून ठेवला आहे.' खाली रेघ मारून पूर्णविरामसुद्धा दिला होता.

"मास्तर, शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं," आप्पा म्हणाले. "ही शुद्धलेखनाची शिक्षा सोसत न्हाई."

त्यांनी आपल्या अकलेनं उपाय करून पाहिले होते. कातड्याला खोबरेल चोपडलं होतं. तेल वरच राहिलं, कातडं खाली तसंच कडक. आता ते तेलकट पापडासारखं दिसत होतं, एवढाच फरक.

बुधवारी आप्पा एस.टी.नं दौंडला गेले. तिथं रेल्वे कॉलनीत हेन्री नावाचे एक गृहस्थ पियानो, पेट्या दुरुस्त करत. आप्पांनी कातडं काखोटीला मारलेलं. वाटेत एका प्रवाशानं विचारलं, "पाव्हणं, ढोल फुटला का काय?" आप्पांनी मान हलवली. समजावून सांगण्याइतका जोर उरला नव्हता.

हेन्रीसाहेबांनी कातडं उजेडाला धरलं, टिचकी मारली. "आप्पा, हे मेलं. नवीन कातडं कलकत्त्याहून मागवतो. दीड महिना."

"माझ्याकडं चार दिवस हायती."

"मग प्रार्थना करा," हेन्रीसाहेब म्हणाले, आणि हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

संध्याकाळी शिरूरच्या स्टँडवर आप्पा उतरले ते थेट सुभानमामांच्या पुढ्यात. सुभानमामा म्हणजे गावचे पखाली. वाडवडिलांपासून घोडनदीचं पाणी पखालीत भरून घरोघर घालायचं काम. गावात नळ आले तशी पखाल खुंटीला गेली, पण मामा तिला महिन्याच्या महिन्याला तेल पाजत. "मामा, आता पाणी कोण मागतंय?" असं विचारलं तर म्हणत, "पाणी कुणी न्हाई मागत, पर कातडं मागतंय की."

रमजान चालू होता. मामांचे ओठ सुकलेले, पण जिभेला धार होती.

"शलमोनआप्पा, कुणाचं मढं घिऊन चाललाय?"

आप्पांनी काखेतलं पुढं केलं. मामांनी ते कानाजवळ नेऊन हळूच वाकवलं आणि करकर ऐकली, डॉक्टर छाती ऐकतो तशी.

"कुणी मारलं ह्याला?"

"म्या."

"कशानं?"

"साबणानं. आन् सोड्यानं."

"आन् मग उन्हात घातलं आसंल."

"व्हय."

"म्हंजी एकदा मारून तुमचं समाधान न्हाई झालं," मामा म्हणाले. मग आप्पांचा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. "आवो, ते मळ नव्हता. ते त्याचं आंग हुतं. उद्या सकाळी येतो. डझनभर अंडी लागतील, आन् धा-बारा लिंबं."

गुरुवारी सकाळी मी शाळेला दांडी मारली, हे आता सांगायला हरकत नाही. आप्पांच्या परसात मामांनी मांडी ठोकली. पहिलं काम सोडा काढायचं. कोमट पाण्यात लिंबू पिळून कातडं त्यात बुडवलं. थोड्या वेळानं बाहेर काढून मामा म्हणाले, "आप्पा, जीभ लावा."

"कशाला?"

"कातड्याला. सोडा गेला का ऱ्हायला ते जिभंला कळतं. मी लावली आसती, पर माझा रोजा हाय."

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि कातड्याला जीभ लावली. "साबणावानी लागतंय."

"मंग परत बुडवा."

दुसऱ्यांदा लावली. "जरा कमी."

तिसऱ्यांदा आप्पा डोळे मिटून भाता चाटत असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडली. दबोराबाई उभ्या होत्या. सव्वीस वर्षं वाजवलेल्या पेटीचा भाता आपला नवरा चाटतो आहे, हे त्यांनी शांतपणे पाहिलं. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. खिडकी बंद झाली.

पण थोड्या वेळानं उंबऱ्यावर एक टोपली आली. सणाच्या केकसाठी आपल्या कोंबड्यांची साठवलेली बारा अंडी. पाटी नव्हती. मामा म्हणाले, "ताईंनी नुस्ती अंडी दिली. म्हंजी माफी अजून कवचात हाय."

मामांनी बलक वेगळे केले. (पांढरं मला मिळालं. तीन दिवस मी तेच खात होतो.) बलकात गोडंतेल ओतलं, कोमट पाणी घातलं, मग हात पुढं करून म्हणाले, "आप्पा, तुमच्या साबणाचा कीस द्या चिमूटभर."

आप्पा दचकले. "परत साबण?"

"साबणानं न्हाई मारलं वो. सोड्यानं मारलं, साबणानं तिरडी उचलली. आता त्येच्याकडनं पालखी उचलून घेऊ. तेल एकलं जात न्हाई आत. कुणीतरी हात धरून न्यावं लागतं."

रवीनं घुसळून त्यांनी हळदीच्या दुधासारखं पाणी केलं, त्यात कातडं टाकलं आणि आप्पांना मळायला बसवलं. आप्पा कणीक मळावी तसे तास दीड तास मळत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत परातीतलं पाणी नितळ होत गेलं. वरचा तवंगही गेला. सगळं कातडं प्यालं. मग मामांनी शेवटचं लिंबू पिळलं. "कुलूप लावतो," म्हणाले.

मी विज्ञानाचा मास्तर. 'प्रथिने' एका धड्यात शिकवत होतो आणि 'स्निग्ध पदार्थ' दुसऱ्या धड्यात. मध्ये सहामाही परीक्षा. या दोघांची कुठं गाठ पडते, हे पुस्तकात नव्हतं. ते मला त्या परातीशी बसून उलगडलं. कातडं म्हणजे प्रथिनाच्या तंतूंचं विणकाम. कमावताना मुरवलेलं तेल त्यात नुसतं भरून राहत नाही. तेलातली मेदाम्लं तंतूंना बिलगतात, म्हणून तंतू एकमेकांवरून सरकतात आणि कातडं वाकतं. आप्पांच्या सोड्यानं हे बिलगलेले हात सोडवले. आणि साबण म्हणजे तरी काय? मेदाम्लच, सोड्याच्या हातात हात घातलेलं. आंबट पाणी पडलं की सोडा हात सोडतो, आणि मोकळं झालेलं मेदाम्ल शेजारच्या प्रथिनाला धरतं. हेच कुलूप. मामांनी यातला एक शब्दही ऐकला नव्हता. मी समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "व्हय, आसंच करत्यात आमच्यात."

पुढं फार वर्षांनी एका मासिकात वाचलं, की आपल्या शरीरातल्या कितीतरी प्रथिनांना मेदाम्लाची अशी एकेक शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीच्या जोरावर ती पेशीच्या पातळ पडद्याला धरून राहतात. शेपटी तुटली की प्रथिन धडधाकट असूनही जागा सोडून भरकटतं, कामाचं राहत नाही. मला ते वाचताना त्या आठवड्यातले शलमोनआप्पा दिसले. माणूस धडधाकट, पण बायको बोलत नाही म्हटल्यावर घंटा वाजवायला निघायचा आणि विहिरीवर जाऊन उभा राहायचा.

खरी अडचण पुढंच होती. ओलं कातडं सावलीत वाळवायचं आणि वाळेस्तोवर फळीच्या कडेवर घासून सतत ताणत राहायचं. हात थांबला की तंतू एकमेकांना चिकटणार आणि पुन्हा पापड. मामा आणि आप्पांनी पाळी लावून गुरुवारची संध्याकाळ काढली, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. शुक्रवारी उलगडलं, आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन चर्चमध्ये उपासना. आप्पा आणि बाई दोघंही तिथं. मामांची जुम्याची नमाज. भर दुपारी, कातडं सगळ्यात भराभर सुकतं त्या वेळी, अख्ख्या शिरूरमध्ये देवाच्या कामात नसलेला मी एकटाच निघालो.

"मास्तर, तुम्ही बामण," आप्पा चाचरत म्हणाले, "कातड्याला हात…"

"तुम्ही जीभ लावलीत," मी म्हटलं.

तीन तास मी खिडकीच्या चौकटीवर ते कातडं मागंपुढं ओढत होतो. खांदे भरून आले. चर्चमधून गाणं ऐकू येत होतं, पेटीविना. त्या दिवशी पेटी वाजवायची नसतेच, एवढी एक सवलत देवानं आप्पांना दिली होती. दोनच्या सुमारास हाताला काहीतरी निराळं लागलं. करकर बंद झाली होती. कातडं माझ्या बोटांवरून पदरासारखं खाली पडलं. मी ते पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. पुन्हा पडलं. मी एकटाच हसत होतो.

शनिवारी मामांनी घडीवरची ती चीर आतून पातळ कातड्याचं ठिगळ लावून बुजवली, आणि सरस लावून, बारीक खिळे मारून भाता जागेवर बसवला. पायट्याला हात लावायची हिंमत कुणाला झाली नाही. "सरस वाळू दे," मामा म्हणाले, पण ते निमित्त होतं. सगळ्यांनाच एक दिवस आशेवर काढायचा होता.

रविवारी चर्च भरलं. मी आणि सुभानमामा बाहेर, दाराशी. पंच पहिल्या बाकावर, पाळकसाहेब पुढं, आणि आप्पा सगळ्यात मागं खांबाला पाठ लावून. दबोराबाई पांढऱ्या लुगड्यात पेटीपाशी गेल्या, बसल्या, पदर सारखा केला आणि पाय ठेवले.

पायटा खाली गेला. आवाज नाही.

दुसरा गेला. आवाज नाही. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मामा पुटपुटले, "फुगू दे, फुगू दे, उपाशी हाय."

तिसऱ्याला सूर निघाला. आधी बारीक, मग भरत गेला, आणि बाईंनी दोन्ही हात खाली टेकवले तेव्हा खिडक्यांच्या काचा गुणगुणल्या. मंडळी उठून गायला लागली. एक कडवं झालं, दोन झाली, पाच झाली. धाप एकदाही लागली नाही. पन्नास वर्षांची म्हातारी जत्रेला निघाल्यासारखी वाजत होती. तिसऱ्या कडव्यानंतर बाईंनी पायाचा वेग निम्मा केला. गरजच उरली नव्हती.

मी आत डोकावलो. आप्पा गात नव्हते. खांबाला टेकून तोंड उघडं ठेवून ते नुसता श्वास घेत होते, सोमवारपासूनचा राहून गेलेला.

उपासना संपल्यावर वयानं मोठे पंच उठले आणि म्हणाले, "पेटी जाग्यावर ऱ्हाऊ द्या. पेटीवाल्या बाई बी." पाळकसाहेब मोकळेपणानं हसले. म्हणाले, "मी हरलो, आणि बरं वाटतंय. फक्त तबल्याला शेजारी बसू द्या." बाईंनी मान डोलावली, आणि हात क्षणभर मांडीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.

बाहेर आल्यावर माणसं आप्पांचे हात हातात घेत होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "आप्पा, असं काय केलंत तरी काय?" आप्पांनी मामांकडं बोट दाखवलं, मामांनी माझ्याकडं, मी कोंबड्यांकडं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत दबोराबाई आल्या आणि आप्पांच्या समोर उभ्या राहिल्या. आप्पांनी टोपी काढली. गर्दी दोन पावलं मागं सरली. कंपाउंडात कुणाला काय माहीत नव्हतं?

"अहो," बाई म्हणाल्या, "उभे काय राहिलात? सुभानमामांचा रोजा आज आपल्याकडं सुटायचाय. त्यांच्यापुढं ठेवायला घरात एक अंडं शिल्लक ठेवलं नाहीत तुम्ही."

"तसं… कलिंगड आणू का?" आप्पांनी विचारलं.

"मला काय विचारता? दोन आणा. आणि वाजवून आणा. मागल्या खेपेसारखं पांढरं निघालं तर तुमच्याच डोक्यावर फोडीन."

सहा दिवसांनी एवढं सगळं एकदम! आप्पांनी टोपी घातली, ती उलटी. "दोन आणतो," ते म्हणाले. "न्हाई, तीन आणतो!" आणि नव्या कोटाच्या बाह्या वर सारत, वाटेतल्या माणसांना 'सरा, सरा' म्हणत, ते नदीच्या वाळूतल्या कलिंगडांच्या वाड्यांकडं चालायला लागले. चालायला कसले, कंपाउंडाच्या फाटकापर्यंतच काय ते चालले. पुढं पळालेच.